ब्लेडची धार कशाने जाते, कशाने राहते?

दाढीचे एक ब्लेड किती दिवस चालवावे, याबद्दल घराघरांत वेगळे मत आढळते. कोणी दोन दाढ्यांनंतर ब्लेड टाकून देतो, तर कोणी महिनाभर तेच ओढत राहतो. ब्लेड जास्त पुरावे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या युक्त्याही पुष्कळ आहेत. जुन्या जीन्सच्या कापडावर रेझर उलटा घासावा, काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाने ब्लेड फिरवावे, तेलात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावे, निदान टिपून कोरडे तरी करावे. या सगळ्या युक्त्यांमध्ये एक गोष्ट समान आहे: त्या दाढी उरकल्यानंतर करायच्या आहेत. ब्लेड न्हाणीघरात पडून पडून बिघडते, किंवा बिघडलेली धार घासून परत आणता येते, असे त्यांत गृहीत धरलेले असते. पोलादाच्या आणि केसाच्या अभ्यासातून हाती आलेली माहिती एकत्र मांडली, तर हे गृहीत टिकत नाही. धार जाते ती मुख्यतः दाढी चालू असताना, केस कापता कापता. म्हणून ती राखण्याचा उपायही ब्लेड गालाला लागण्यापूर्वी करायला हवा. नंतर करायच्या उपायांतले काही थोडेफार उपयोगी आहेत, काही निरुपयोगी आहेत, तर काही चक्क अपायकारक आहेत. ही प्रतवारी नीट लावली, तर पैसाही वाचतो, कातडीही वाचते आणि कचराही कमी होतो.

आधी ब्लेड म्हणजे काय हे पाहू. दुधारी ब्लेडची पट्टी जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. तिच्या पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम आणि पाऊण टक्क्याच्या आतबाहेर कार्बन असतो. क्रोमियममुळे गंज रोखला जातो आणि कार्बनमुळे कठीणपणा येतो. ही पट्टी हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन थंड करतात, मग शून्याखाली नेतात. त्यामुळे पोलादाची आतली रचना बदलून मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. त्यानंतर पट्टी टप्प्याटप्प्याने घासून तिला धार काढली जाते. त्या धारेवर क्रोमियम किंवा हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा सूक्ष्म थर आणि सर्वांत वर टेफ्लॉनच्या जातीच्या घसरड्या द्रव्याचा थर चढवतात. तयार धारेचे टोक इतके बारीक असते की त्याची रुंदी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. माणसाचा केस त्याच्या हजारपट जाड भरतो. एका चेहऱ्यावर असे दहा हजारांहून अधिक केस असतात. म्हणजे एका दाढीत या नाजूक टोकाला हजारो वेळा आपल्यापेक्षा कितीतरी जाड वस्तूला भिडावे लागते. ब्लेडचे आयुष्य ठरते ते या भिडण्यात.

केस तर पोलादापेक्षा कितीतरी मऊ. मग तो पोलादाचे काय बिघडवणार? हाच प्रश्न अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या जेम तासान, जानलुका रोशोली आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी हाती घेतला. त्यांचे निष्कर्ष ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धार बोथट होते, कारण ती हळूहळू सर्व बाजूंनी सारखी झिजत नाही, तर तिचे बारीक टवके उडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना वापरलेल्या ब्लेडच्या धारेवर असे टवके जागोजागी दिसले. हे प्रत्येक केसागणिक होत नाही. त्यासाठी काही गोष्टी एकाच जागी जुळून याव्या लागतात. केस धारेला काटकोनात न भिडता वाकून तिरपा भिडला पाहिजे, त्या ठिकाणी पोलादाची आतली रचना एकसारखी नसली पाहिजे, आणि केस नेमका कठीण व मऊ भागांच्या सीमेवर नको त्या बाजूने दाब देणारा हवा. असे जुळले की मऊ केसही कठीण पोलादाचा कण उचकटून काढतो. एकदा टवका उडाला की त्या जागी पुढचा दाब साचतो आणि शेजारचा भागही कमकुवत होतो. आपल्याकडे विळ्याला किंवा कोयत्याला दाते पडले असे म्हणतात, तेच इथे डोळ्यांना न दिसणाऱ्या मापात घडते. या शोधामुळे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. बोथटपणाचे मुख्य कारण गंज नाही. आणि जो कण निघून गेला, तो कशावरही घासून परत येणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जुन्या पिढीने ब्लेड गंजताना डोळ्यांनी पाहिले आहे, ते खोटे कसे? ते खोटे नाही. पण ते ब्लेड वेगळे होते. किंग कॅम्प जिलेट यांनी बदलता येणाऱ्या पातळ ब्लेडची कल्पना मांडली. विल्यम निकरसन या अभियंत्याने पातळ पट्टीला धार काढण्याची यंत्रे तयार केली, आणि १९०३ मध्ये हा रेझर बाजारात आला. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. १९०४ मध्ये रेझरचा खप ९० हजारांवर गेला, आणि त्याच वर्षी पेटंटही मिळाले. ही ब्लेड साध्या कार्बन पोलादाची होती. ओली राहिली तर ती एका रात्रीत तांबूस पडत, आणि गंज सर्वांत आधी धरे तो पातळ धारेला. त्या काळी ब्लेड पुसून, तेलाचे बोट लावून ठेवणे हा शहाणपणाच होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने पातळ थर चढवलेले स्टेनलेस पोलादाचे ब्लेड बाजारात आणले, तेव्हा हे चित्र पालटले. हे ब्लेड कितीतरी जास्त दाढ्या चालू लागले आणि गिऱ्हाइकांची त्यावर झुंबड उडाली. १९६३ मध्ये जिलेटनेही आपले स्टेनलेस ब्लेड काढले. पुढे सगळ्या जगाने तीच वाट धरली. आपल्याकडचे टोपाझ असो की सेव्हन ओ’क्लॉक, आज दुकानात मिळणारे ब्लेड बहुधा स्टेनलेसच असते. ब्लेड बदलले, पण सल्ला जुनाच राहिला.

धार परत आणण्याच्या युक्त्यांचा इतिहासही असाच आहे. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून पाजळला जाई आणि त्याला खरोखर धार येई. त्याचे पाते जाड असते, त्याची धार पुन्हा पुन्हा घडवता येईल इतके पोलाद त्यात असते, आणि चामड्यावर घासताना तो कोणत्या कोनात धरायचा ते पात्याच्या घडणीतच ठरलेले असते. नवे ब्लेड आले तेव्हा लोकांनी तीच सवय त्यावर आजमावली. ऑटोस्ट्रॉप नावाच्या रेझरमध्ये तर ब्लेड न काढताच ते पट्ट्यावर घासण्याची सोय होती. ती कंपनी पुढे १९३० मध्ये जिलेटमध्ये विलीन झाली. ब्लेड पाजळण्याची काचेची आणि दगडाची छोटी उपकरणेही अनेक देशांत खपली. या हौसेने विचित्र टोकही गाठले. चेकोस्लोव्हाकियातल्या कारेल द्रबाल या अभियंत्याने इजिप्तच्या पिरॅमिडच्या आकाराची पुठ्ठ्याची पेटी करून तिच्यात ठेवलेले ब्लेड आपोआप धारदार राहते, असा दावा करत १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याला ९१३०४ क्रमांकाचे पेटंट मिळालेही. पेटंट मिळाले म्हणजे दावा सिद्ध झाला असे नसते. पिरॅमिडच्या आकारातून कोणतीही शक्ती पोलादावर काम करते, याला भौतिकशास्त्रात आधार नाही. या सगळ्या खटपटीमागची गरज मात्र खरी होती: ब्लेड महाग वाटे आणि ते लवकर संपे.

आजच्या काळात हीच परंपरा जीन्सच्या कापडाने चालवली आहे. पँटच्या मांडीवर किंवा हाताच्या आतल्या बाजूवर रेझर उलट्या दिशेने दहावीस वेळा फिरवला तर ब्लेड कित्येक महिने चालते, असे अनेक जण ठामपणे सांगतात. हा अनुभव सरसकट खोटा ठरवण्याची गरज नाही. त्याचा अर्थ लावताना चूक होते. कापडावर घासल्याने पात्यांमध्ये अडकलेला साबण, कातडीचा कोंडा आणि केसाचे तुकडे निघून जातात. पाणी टिपले जाते. वाकलेले एखादे टोक सरळ होणेही शक्य आहे. एवढ्याने पुढची दाढी थोडी सुलभ वाटली, तर त्यात नवल नाही. पण टवका उडालेल्या जागी पोलाद भरून येत नाही. उलट कापडाच्या धाग्यांनी वरचा घसरडा थर खरवडला जाण्याचा धोका असतो. ब्लेड पुसू नका, नुसते धुवा, असे रेझर बनवणारे सांगतात ते याच कारणाने. मग महिनोन्महिने ब्लेड चालते ते कसे? त्याचे एक उत्तर असे की बोथटपणा हळूहळू वाढतो आणि हात त्याला सरावतो. कालच्यापेक्षा आज किंचित जास्त ओढले गेले, तर ते जाणवत नाही. दुसरे असे की कोणाचे केस विरळ व मऊ असतात, तर कोणाचे दाट व राठ. आणि तिसरे, सगळ्यांत महत्त्वाचे: जो माणूस ब्लेडची इतकी निगा राखतो, तो बहुधा दाढीही घाई न करता, चेहरा नीट भिजवून करतो. श्रेय मिळते कापडाला, पण काम केलेले असते पाण्याने. एका गालावर घासलेले आणि दुसऱ्यावर न घासलेले ब्लेड, कोणते कुठले हे माहीत नसताना, वापरून पाहिल्याखेरीज अशा अनुभवातून कापडाची महती सिद्ध होत नाही.

ब्लेड कोरडे ठेवण्याचा सल्ला मात्र या प्रतवारीत वरच्या जागी बसतो, जरी तो पहिल्या जागेवर नसला तरी. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे नव्हे. क्रोमियमच्या संरक्षक थराला क्षारातले क्लोराइड छेद देते, आणि धारेसारख्या बारीक जागी इवलासा खड्डाही महागात पडतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने न्हाणीघर वाळतच नाही. समुद्राकाठच्या हवेत मीठही असते. तिथे ब्लेड बादलीशेजारी ओल्यात ठेवण्यापेक्षा खोलीत, वाऱ्याला ठेवणे शहाणपणाचे. जिथे बोअरवेलचे पाणी वापरतात तिथे अडचण वेगळी असते. अशा जड पाण्यातले कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करते. तो पात्यांमध्ये बसतो आणि वाळला की पांढरा थर होतो. धार शाबूत असूनही असे ब्लेड खरबरीत वाटते. यावर उपाय सोपा आहे: दाढी संपल्यावर ब्लेड भरपूर पाण्याने धुवावे, जोराने झटकावे आणि उभे ठेवावे. तेलात बुडवून ठेवल्याने हवा आणि पाणी दूर राहते, स्पिरिटने पाणी लवकर उडून जाते, हे खरे आहे. पण झटकून वाळवल्याने जे साधते, त्यापेक्षा फार जास्त काही त्यातून पदरात पडत नाही. गंजापासून ब्लेड वाचवले तरी टवके उडायचे थांबत नाहीत, हे विसरता कामा नये.

म्हणून खरा प्रश्न उरतो तो केसाचा. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या लांबट रेणूंना एकमेकांशी बांधणारे काही बंध पक्के असतात, ते पाण्याने तुटत नाहीत. पण हायड्रोजनचे असंख्य दुबळे बंध पाणी शिरताच सुटतात. भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेतो, त्याची जाडी १५ टक्क्यांच्या आसपास वाढते आणि तो मऊ होतो. दाढीचा कोरडा केस मात्र तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका चिवट असतो, असे सांगितले जाते. कोरडा हरभरा आणि रात्रभर भिजवलेला हरभरा दाताखाली धरल्यावर जो फरक कळतो, तोच फरक ब्लेडला कळतो. पूर्ण भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बरेच कमी बळ लागते. कमी बळ म्हणजे धारेच्या टोकावर कमी ताण, आणि कमी ताण म्हणजे टवका उडण्याची शक्यता कमी. यातला शेवटचा दुवा अनुमानाचा आहे, पण ते अनुमान टवक्यांविषयीच्या संशोधनाशी सुसंगत आहे आणि रोजच्या अनुभवाशीही जुळते. केस भिजायला वेळ लागतो, एवढेच लोकांच्या ध्यानात येत नाही. चेहऱ्यावरच्या नैसर्गिक तेलकटपणामुळे पाणी चटकन आत शिरत नाही. आधी साबणाने तो तेलकटपणा काढावा लागतो, आणि त्यानंतरही दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. ओला हात गालावरून फिरवून लगेच रेझर लावला, तर केस वरवर ओला आणि आत कोरडाच असतो.

यावर परदेशातला ठरलेला सल्ला असा की आंघोळीनंतर दाढी करावी. आपल्याकडे रीत उलटी आहे: दाढी आधी, आंघोळ नंतर. दाढी करून, केस कापून अंग धुतल्याखेरीज चैन न पडणाऱ्यांना हा सल्ला पटणार नाही, आणि त्यासाठी रीत मोडण्याचेही कारण नाही. आंघोळीचे पाणी तापलेलेच असते. त्यातले तांब्याभर घेऊन साबणाने चेहरा धुवावा, गरम पाण्यात पिळलेला पंचा मिनिटभर गालांवर धरावा, मग ब्रशने फेस काढून तो केसांच्या मुळाशी जाईल असा गोल गोल फिरवत लावावा आणि लगेच रेझर न उचलता थोडे थांबावे. ब्रश आणि दाढीचा गोल साबण ही जुनी जोडी या कामात आजही कमी पडत नाही, कारण ब्रशमुळे केस उभे राहतात आणि फेस पाणी धरून ठेवतो. डब्यातला तयार फेस हातानेच लावायचा असेल, तर आधीचे भिजवणे जास्तच महत्त्वाचे ठरते. केस तीन-चार दिवसांचे वाढलेले असतील तर ते धारेपुढे जास्त वाकतात आणि पात्यांत अडकतातही. अशा वेळी आधी कात्रीने किंवा ट्रिमरने ते कापून घ्यावेत. हनुवटीचे आणि मिशीचे राठ केस शेवटी घ्यावेत, म्हणजे त्यांना भिजायला जास्त वेळ मिळतो. दाब द्यायचा नाही. रेझरच्या वजनानेच केस कापला जात नसेल, तर तो भिजलेला नाही किंवा ब्लेड संपलेले आहे. दुधारी ब्लेड असेल तर दोन्ही बाजू आळीपाळीने वापराव्यात. सवयीने एकच बाजू झिजवून दुसरी तशीच टाकून देणे हा निव्वळ तोटा आहे.

दाढी चालू असताना ब्लेड किती वेळा आणि किती पाण्यात धुतले जाते, हाही आयुष्याचाच भाग आहे, आणि त्याचा धडा एका मोठ्या कंपनीला भारतातच मिळाला. जिलेटने २००२ मध्ये व्हेक्टर हा रेझर भारतात आणला. आपल्या दाट केसांसाठी त्यात अडकलेले केस ढकलून काढणारी पट्टी बसवली होती. बाजारात आणण्यापूर्वी त्याची चाचणी घेतली गेली ती मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना तो आवडला. भारतात मात्र तो फसला, कारण तिकडे विद्यार्थ्यांच्या हाताशी वाहता नळ होता, आणि इकडे असंख्य लोक पेलाभर पाण्यात दाढी करत होते. तेवढ्या पाण्यात ती पट्टी कामाची नव्हती, आणि रेझर केसांनी तुंबत होता. पुढे कंपनीच्या लोकांनी भारतातल्या घरांत जाऊन लोक दाढी कशी करतात ते पाहिले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये १५ रुपयांचा गार्ड रेझर आणला. त्याचे बदलायचे ब्लेड ५ रुपयांना होते. त्यात एकच पाते होते आणि धुवायला सोपी अशी मोकळी घडण होती. यावरून सामान्य वापरणाऱ्याने घ्यायचा बोध असा: पाण्याची टंचाई असेल तर एकावर एक चिकटून बसवलेल्या तीन-पाच पात्यांच्या रेझरपेक्षा एकपाती किंवा दुधारी रेझर जास्त किफायतशीर ठरतो. पाती जितकी जास्त, तितक्या त्यांच्यामधल्या फटी अरुंद आणि तुंबण्याची शक्यता अधिक. आणि धार शाबूत असताना केवळ तुंबल्यामुळे रेझर टाकला जातो.

दुसरा आक्षेप संशयाचा आहे. ब्लेड लवकर संपावे अशीच कंपन्यांची इच्छा असते, म्हणून ते मुद्दाम तकलादू बनवतात, असे पुष्कळांना वाटते. रेझर स्वस्तात द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचे, ही युक्ती जिलेट यांची असे धंद्याच्या पुस्तकांत शिकवतातही. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० मध्ये या गोष्टीची छाननी केली, तेव्हा चित्र वेगळे निघाले. पेटंटचे संरक्षण होते तोवर जिलेट कंपनीने रेझर ५ डॉलरला, म्हणजे त्या काळी चांगलाच महाग विकला. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर आणि स्पर्धक आल्यावर रेझर स्वस्त झाला. स्टेनलेस ब्लेडच्या बाबतीतही टिकाऊ माल बाजारात आला तो स्पर्धेमुळेच. कंपन्यांना जास्त ब्लेड खपायला हवे असतात यात शंका नाही. पण धारेच्या आयुष्याला पोलादानेच एक मर्यादा घातली आहे. कठीणपणा वाढवला की ठिसूळपणा वाढतो, आणि मऊ ठेवले की धार दुमडते. पोलादाची आतली रचना अधिक एकसारखी करता आली तर टवके कमी उडतील, असे टवक्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचे म्हणणे आहे, आणि टिकाऊ ब्लेडची वाट तिकडूनच जाते. तोवर हातातल्या ब्लेडचे आयुष्य वाढवणे वापरणाऱ्याकडेच आहे.

पण आयुष्य वाढवण्यालाही सीमा हवी, आणि ती दिवसांनी नव्हे तर कातडीने ठरवावी. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदलायला सांगते. हा आकडा सावधगिरीचा आहे. मऊ केसांना तो कमी वाटेल, राठ केसांना जास्त. त्यापेक्षा खुणा ओळखाव्यात. केस कापला न जाता ओढला जाऊ लागला, एकाच जागी दोन-तीनदा फिरवावे लागू लागले, दाढीनंतर जळजळ किंवा लाल पुरळ येऊ लागले, की ब्लेड संपले. त्यानंतर वाचवलेले चार-पाच रुपये मलमावर जातात. ज्यांचे केस कुरळे आहेत आणि मानेवर वारंवार फोड येतात, त्यांनी तर ओढाताण मुळीच करू नये. त्यांचा कापलेला केस वळून कातडीत शिरतो, आणि बोथट ब्लेडने दाबून, उलट्या दिशेने केलेली दाढी हा त्रास वाढवते. आणखी एक सीमा अजिबात ओलांडायची नाही: एक ब्लेड एकाच माणसाचे. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातूनही पसरतो. बापलेकांनी किंवा खोलीतल्या मित्रांनी एकच रेझर वापरणे ही काटकसर नव्हे, तो धोका आहे. एड्सविषयीच्या जागृतीनंतर आपल्या सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड वस्तऱ्यात घालण्याची पद्धत रुळली, ती योग्यच आहे. तिथे ब्लेड पुरवून वापरण्याचा विचारही नको.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: दुधारी ब्लेड काही रुपयांना मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? दुधारी ब्लेडपुरते पाहिले तर या म्हणण्यात तथ्य आहे. ते बोथट झाले की बदलावे, हेच सर्वांत स्वस्त. पण अनेक पात्यांचे कार्ट्रिज वापरणाऱ्याला एका तुकड्याला त्याच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागते. तिथे केस भिजवण्याची दोन मिनिटे वर्षभरात चांगली बचत करून देतात. संपूर्ण फेकून द्यायच्या रेझरची गोष्ट आणखी वेगळी. १९७५ मध्ये बिक कंपनीने तो बाजारात आणल्यापासून धारेबरोबर मूठही टाकण्याची सवय जगाला लागली. मूठ प्लॅस्टिकची, डोके प्लॅस्टिकचे, त्यात घट्ट बसवलेले पोलाद. हे वेगळे करणे अवघड असल्याने ते भंगारातही जात नाही. जुलै २०२२ पासून आपल्या देशात एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत रेझर नाही. म्हणजे हा कचरा कमी करण्याची जबाबदारी आज तरी घेणाऱ्याच्या निवडीवर आहे. त्या दृष्टीने धातूचा दुधारी रेझर सरस ठरतो. तो पिढ्यानपिढ्या चालतो आणि टाकावे लागते ते फक्त एक ग्रॅमभराचे पोलाद.

ते पोलाद कुठे जाते, याचाही विचार केल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. आपल्या शहरांतला कचरा अजूनही माणसे हातांनी वेगळा करतात. पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही अशाच कचरावेचकांची संघटना, आणि तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. ओल्या कचऱ्यात सुटे टाकलेले ब्लेड त्यांच्या बोटांना कापते, आणि त्यावर कोणाचे रक्त असेल हे त्यांना कळायचा मार्ग नसतो. म्हणून वापरलेली ब्लेड झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवावीत. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे ठळक लिहून, सुक्या कचऱ्यासोबत हातात द्यावा. एका माणसाला असा एक डबा कित्येक वर्षे पुरतो. ब्लेड जितके जास्त दिवस चालेल, तितके हे काम कमी.

सगळा पुरावा एकत्र केला तर निकाल असा निघतो. धार पाजळण्याच्या युक्त्या सोडून द्याव्यात. उडालेला टवका परत येत नाही. ब्लेड धुऊन, झटकून, कोरड्या जागी ठेवावे; त्याने थोडा लाभ होतो आणि खर्च काहीच नाही. खरी बचत मात्र दाढीआधीच्या दोन-तीन मिनिटांत आहे: साबणाने धुतलेला चेहरा, गरम पाणी, मुरलेला फेस आणि हलका हात. आणि एवढे करूनही केस ओढला जाऊ लागला, तर ब्लेड बिनदिक्कत बदलावे. ब्लेड वाचवायचे ते कातडी सोलून नव्हे.